परक्याशी बोलण्याचे तीस तास

माणसाने माणसाशी बोलावे, हे आता बहुतेकांनी मान्य केले आहे. प्रश्न उरतो तो मूल्यमापनाचा. तो आमच्या विद्यापीठाने ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ हा मिश्र पद्धतीचा अभ्यासक्रम काढून सोडवला. वीस तास घरी स्क्रीनसमोर, दहा तास वर्गात समोरासमोर. घरी नेट चालत नाही अशी ओरड झाल्यावर वर्गातही स्क्रीनच बघायचे ठरले, पण खुर्च्या समोरासमोर ठेवून. (हेडफोन सक्तीचे. बोलण्याचा व्यत्यय नको.)

पहिल्याच वर्षी अठ्ठ्याण्णवपैकी सत्त्याण्णव जण पास झाले. राहिली ती एकटी परदेशातून आलेली मुलगी.

तिच्यावर आमचा राग नव्हता. माहितीपत्रकावर फोटो तिचाच आहे. पण ‘परदेशी व्यक्तीशी पहिला संवाद’ या घटकात तिची अभ्यासक्रमाच्या पोर्टलवरची मिनिटे शून्य भरली. बाकीच्यांनी पोर्टलवरच्या चित्रातल्या परदेशी गृहस्थाला बटण दाबून नमस्कार केला होता, तोही तिच्याच समोर बसून. (‘काखेत कळसा’ म्हणणाऱ्यांनी कळशाची हजेरी कुठे लावायची तेही सांगावे.)

नापास म्हणजे प्रवेश रद्द आणि परतीचे विमान. तेव्हा विभागप्रमुखांनी समिती नेमली. मी सचिव.

“सर, मी रोज बोलते की!” मुलगी म्हणाली. “कॅन्टीनच्या मावशींशी. त्यांचा गुडघा, सुनेची कुरकुर, धाकट्याची नोकरी, सगळं मला ठाऊक आहे. हवं तर तोंडी परीक्षा घ्या.”

तिचे बोलणे इतके चोख होते की समिती गांगरली.

“ही परकी वाटतच नाही,” प्रमुख माझ्या कानाशी पुटपुटले. “मग आंतरसांस्कृतिक कसलं डोंबलाचं?”

मुद्दा बिनतोड होता. दोन संस्कृतींतले अंतर तिने परस्पर मिटवून टाकल्याने मोजायला काही उरलेच नव्हते. ‘अंतर आढळले नाही, सबब अनुत्तीर्ण,’ असा शेरा मी सुवाच्य अक्षरात लिहिला.

ती गेली त्या दिवशी मावशी विभागात आल्या. “आमच्या पोरीला कशापायी घालवलंत हो?” एवढेच विचारले आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. मी हेडफोन लावले. खरे सांगतो, फार वाईट वाटले.

तुम्हालाही वाटले असेल. मग तुमच्या समोरच्या घरात दोन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या त्या परक्या कुटुंबाशी आजवर किती मिनिटे बोललात, तेवढे कळवा. शून्य? काळजी नसावी. हे सगळे तुम्ही गप्प बसून, एकट्याने, शेवटपर्यंत वाचलेत. तेवढ्यावर आम्ही तुम्हाला पास करतो.