प्रभूअण्णांचा घरजावई

आमच्या हुलसुरात प्रभूअण्णा माणसांना अरेतुरे करतात आणि जंताला अहोजाहो. तालुक्याच्या साहेबालाही "बस की रं" म्हणणारा हा माणूस हत्तीरोगाच्या जंताचा विषय निघाला की आवाज खाली आणतो. "ते लई हुशार हायेत. मी त्यांच्यावर हयात घातली, पण त्यांनी मला भीक घातली न्हाई."

हयात घातली हे खरं. दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत अण्णा हत्तीरोगावरची लस शोधत होते. लस सापडायच्या आधी निवृत्तीचं वय सापडलं. मग ट्रंकेत कपडे कमी आणि जंतांची चित्रं जास्त घेऊन ते थोरल्या बहिणीकडं, काशीअक्कांकडं राहायला आले. आमची त्यांची परसातली भिंत एकच, तीही कमरेएवढी. त्यामुळं त्यांच्या घरातलं मला सगळं दिसतं, आणि मला दिसत नाही ते माझी बायको बघते.

अण्णांना पेटवायला गावाला एक प्रश्न पुरतो. "अण्णा, करोनाची लस तर चट्कन आली. तुमची कामून येईना?"

मग चहा गार होईपर्यंत सुट्टी नाही.

"अरे येड्या, करोना म्हंजी दरोडेखोर. आला, दंगा केला, गेला. त्याचं थोबाड एकदा अंगातल्या शिपायांना दाखवलं की पुढच्या टायमाला ते दारातच धरत्यात. आमचे साहेब म्हंजी घरजावई. डास चावला की गुपचूप आत येत्यात आणि घरातलंच धोतर नेसत्यात. शिपाई पुसतोय, कोण रं? तर म्हणत्यात, घरचाच हाय. वर गोड बोलून शिपायालाच झोपवत्यात. सासऱ्याला मारत न्हाईत, कामून तर सासरा मेला की भाकर बंद. वर्सानुवर्सं ऱ्हात्यात, पोरंबाळं करत्यात. ल्हानपणी रूप एक, मोठेपणी दुसरंच. मग शिपायाला फोटो द्यावा तर कोणता द्यावा?"

"शिपायालाच जरा भडकवून द्यावं की," मी एकदा म्हणालो.

"दिलं की. त्यानं जावयासंगं घरातली मडकीबी फोडली."

हे व्याख्यान एकदा बसस्टँडजवळच्या हॉटेलात रंगात आलं असताना मागच्या बाकावर माणिकराव बसले होते. माणिकराव दुबलगुंडीचे, पण लग्नापासून इथं सासऱ्याच्या घरी राहतात. म्हणजे आमच्या गावचे खरेखुरे घरजावई. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून गेले. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या गल्लीत येणं सोडलं. अण्णांना मात्र काही केल्या कळेना. "मी नावं ठिवली का? तारीफच करायलो होतो की."

लस नाही म्हणून अण्णांची भिस्त गोळ्यांवर. दरवर्षी आरोग्य खात्याची आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन दारोदार फिरते. लोक "मागून घेतो" म्हणतात आणि गोळी मोरीत जाते. म्हणून अण्णा तिच्याबरोबर फिरतात. "जेवलास का? गीळ. आ कर. जीभ वर कर." माझ्या मेव्हण्यानं गोळी गालात दडवली, तर अण्णांनी त्याला शेजारी बसवून तुरीच्या पिकाच्या गप्पा काढल्या. तोंड कडू झालं तसा तो बिचारा गिळून मोकळा झाला.

यंदा माणिकरावांच्या दारात मात्र वेगळंच झालं. ते बाहेर आलेच नाहीत. आतूनच म्हणाले, "आधी लस काढा म्हणावं, मग गोळ्या वाटा."

त्या दिवशी अण्णांनी पुढं कुणाचीही जीभ वर करून बघितली नाही.

ते वाक्य त्यांना का लागलं हे मला ठाऊक होतं. आईबापामागं अक्कांनीच अण्णांना वाढवलं. ऐन वयात अक्कांचा पाय सुजत गेला, ठरलेली सोयरीक मोडली. तेव्हा शाळेत जाणारे अण्णा म्हणाले होते, "अक्का, मी ह्याची लस काढतो." आता रोज संध्याकाळी परसात अक्का टबात पाय ठेवून बसतात. अण्णा साबणानं पाय धुतात, मऊ फडक्यानं बोटांमधलं पाणी टिपतात. अक्का विचारतात, "झाली का रं लस?" अण्णा म्हणतात, "झालीच अक्का, जराशी ऱ्हायलीय." भोळी आहे बिचारी, असं आम्हाला वाटायचं. आणि अण्णा खोटं बोलायला लागले की मी भिंतीपासून बाजूला व्हायचो.

गेल्या महिन्यात दिवस मावळताना माणिकराव मागच्या दारानं अण्णा-अक्कांच्या परसात आले. भर उन्हाळ्यातही ते फुलपँट आणि बूटमोजे घालायचे. आम्ही त्याला जावयाचा रुबाब समजत होतो. त्यांनी मोजा काढला. पाऊल सुजलं होतं, बोटांमध्ये कातडी फाटली होती. "कुणाला सांगू नका," ते म्हणाले.

आता सगळं व्याख्यान होणार म्हणून मी भिंतीशी सरसावलो. अण्णांनी स्टूल पुढं सरकवलं.

"बसा, माणिकराव."

अण्णांच्या तोंडून माणसाला 'बसा' मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी पाय धुवायला घेतला. थोड्या वेळानं माणिकराव म्हणाले, "अण्णा, लस आली तर ह्यो बरा व्हईल का?"

"न्हाई. लस आली तरी ती लेकरांसाठी. ह्या पायाला रोज असंच धुवावं लागतंय. सरकारी दवाखान्यातबी उद्या दाखवू, मी येतो संगं." मग त्यांनी अक्कांकडं बघितलं. "अक्का, न्हाई झाली लस. माझ्या हातून आता व्हत न्हाई."

"ठाऊक हाय मला," अक्का म्हणाल्या. "पयल्यापासून ठाऊक हाय."

"मग रोज कामून पुसायलीस?"

"तू 'जराशी ऱ्हायलीय' म्हणतोस तवा तुझं तोंड शाळेतल्यासारखं दिसतंय रं. तेवढं बगायला." आणि लगेच, "त्यांच्या बोटांमधलं पाणी टिप. ओलं ऱ्हायलं की चिघळतंय."

अण्णांनी फडकं उचललं, पण आधी स्वतःचे डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी परसात दोन टब होते. अक्कांनी सवयीनं विचारलं, "झाली का रं लस?"

अण्णा मान खाली घालून पाय टिपत राहिले.

"झालीच अक्का," माणिकराव म्हणाले, "जराशी ऱ्हायलीय."