जनरेटरची सुट्टी

खंडेनवमीला भरमूने प्रयोगशाळेतलं एकूण एक यंत्र पुसलं, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, झेंडूची माळ घातली आणि सगळ्यात शेवटी तो पेटीपुढे उभा राहिला. पेटी म्हणजे इनक्युबेटर. दिसायला लहान फ्रिजसारखी, पण काम उलटं: आतलं सगळं माणसाच्या अंगाइतकं उबदार ठेवायचं. बेळगावच्या या संस्थेत मदतनीस म्हणून भरमूची एकोणीस वर्षं झाली होती, पण इतक्या मनापासून त्याने कुठल्याच यंत्राला हात जोडले नव्हते. कारण या पेटीत त्याचा थोरला भाऊ होता.

निदान भरमूच्या गावात, कंग्राळीत तरी तसंच बोललं जाई. या भावाचे, रवळूआप्पाचे हात सहा वर्षांपासून थरथरत होते, पार्किन्सन. संस्थेने त्याच्या दंडावरची डाळीएवढी कातडी घेतली आणि सौम्या मॅडमनी कित्येक महिने खपून तिच्यातून मेंदूच्या पेशी तयार केल्या. हे ऐकून पानपट्टीवर एकाने विचारलं होतं, "कातडीचा मेंदू व्हतो? मग आमच्या सोसायटीच्या चेअरमनची जरा जास्त घ्या म्हणावं."

सौम्या जवळच्याच सांबऱ्याची. पीएच.डी. झाल्यावर आणि कायम नोकरी लागण्याआधी माणूस जे करतो त्याला पोस्टडॉक म्हणतात. सौम्याचं ते आणखी किती वर्षं चालणार, ही चौकशी तिच्या आईनेही आता सोडून दिली होती. दिवसाआड पेशींना ताजं खाणं घालावं लागे. सौम्या रविवारी येई, दिवाळीत येई, चुलतबहिणीच्या लग्नातून केसांत अक्षता घेऊन आली होती. "म्हशीचंसुदिक इतकं कुणी करत न्हाय," हे भरमूचं प्रशस्तिपत्र होतं.

तिने त्याला एकदा समजावलं होतं, की प्रत्येक पेशीत वीज बनवणारे बारीक जनरेटर असतात, बिघडलेले उचलून न्यायला पेशीची स्वतःची घंटागाडी असते, आणि या दुखण्यात ती गाडीच येत नाही. भरमूला हे झटक्यात कळलं. त्याच्या गल्लीतही येत नव्हती. आज तयार पेशींचा चौऱ्याहत्तरावा दिवस. नव्या औषधाने गाडी येते का, हे सौम्या आज बघणार होती.

पेटीचं दार उघडायचं नाही, असं तिने बजावलं होतं. भरमूने उघडलं नाही. धुपाबद्दल ती काही बोलली नव्हती.

धूप चांगला होता, त्यामुळे धूरही भरपूर झाला. छतावरचा भोंगा कोकलला आणि ठरल्याप्रमाणे त्या मजल्याची वीज आपोआप तुटली. ती पुन्हा जोडणारा इलेक्ट्रिशियन सणाला हुक्केरीला गेला होता. तेवढ्यात सौम्या जिना चढून आली. तिने धूर पाहिला, माळ पाहिली, भरमूला पाहिलं आणि ती थेट पेटीखाली वाकली. शिव्या दिल्या असत्या तर भरमूला बरं वाटलं असतं. पेटीखालच्या बॅटरीत चाळीस मिनिटं उरली होती. जनरेटरची लाइन पेटीला वेगळी जोडलेली होती, म्हणून दोघं धावत खाली गेली.

जनरेटर नागोजीच्या ताब्यात होता, आणि नागोजीने त्याची पूजा सकाळीच उरकली होती. केळीच्या पानावर तांदूळ, तांदळावर लिंबू आणि लिंबाशेजारी जनरेटरची किल्ली.

"किल्ली मांडलीया," नागोजी म्हणाला. "आता उद्या सोनं लुटल्यावरच उचलायची."

"आरं, वर आप्पा गार पडाय लागलाय," भरमू काकुळतीला आला.

"आप्पाला काय झालं? सकाळी तर स्टॉपवर बसलावता."

"त्यो न्हवं रं. पेटीतला."

नागोजीला वाईट वाटलं, पण नेम म्हणजे नेम. मागं एकदा मोडला होता तर जनरेटरचा पट्टा तुटला होता. साहेबांची चिठ्ठी आणली तरी तो ऐकणार नव्हता. सौम्याने घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं. ती पायरीवर बसली.

"नागोजीअण्णा, आज घरी औत पुजलं असंल."

"व्हय तर."

"मग बैलास्नी सुट्टी?"

"पुरी सुट्टी."

"वैरणीलापण?"

"वैरण टाकायलाच लागती की. जित्राब हाय."

"कुणी टाकली?"

"मालुबाईनं. आमच्या मंडळीनं."

"तिला सुट्टी न्हाय?"

नागोजी हसला. "बायकोला कसली आलीया सुट्टी?"

"मग बघा. पेटीत जित्राब हाय, वीज ही त्यांची वैरण. जनरेटर आज काम करणार न्हाय, नुसती वैरण टाकणार. आजच्या दिवस त्यो मालुबाई."

नागोजीने पानावरचं लिंबू किल्लीपासून जरा बाजूला सरकवलं. आजवर साहेब लोक त्याच्याकडे हुकूम घेऊन आले होते. मुद्दा घेऊन कुणी आलं नव्हतं. त्याने जनरेटरला हात जोडले, माफी मागितली आणि किल्ली उचलली. जनरेटर तिसऱ्या खेपेला सुरू झाला तेव्हा बॅटरीत चार मिनिटं शिल्लक होती.

सौम्याने सगळं वहीत नोंदलं. भरमू मान खाली घालून उभा होता.

"कारण काय लिहू, अण्णा? पूजा का धूर?"

"धूर लिवा."

दुपारनंतर वीज आल्यावर तिने त्याला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. काळोखात हिरव्या नाजूक फांद्या पसरल्या होत्या. हा आप्पा. भरमूने श्वास रोखून पाहिलं.

"थरथरत न्हाईत की."

"थरथर हातात, अण्णा. दुखणं हितं."

"आन घंटागाडी?"

"दोन-चार पेशीत आल्यागत वाटतीया. आणखी तीनदा करून बघितल्याबिगर सांगता येणार न्हाय."

भरमूला आपला पंचायत मेंबर आठवला. गाडी एकदा आली तर तो चौकात फलक लावतो. ही बाई इतके महिने राबून "वाटतीया" म्हणत होती.

पुढच्या आठवड्यात नागोजीने कचेरीत अर्ज दिला: खंडेनवमीला जनरेटरने काम केल्याने त्यास एक दिवस बदली सुट्टी मिळावी. देखभालीच्या नावाखाली तो मंजूर झाला. सौम्यानेही सहज तसाच अर्ज दिला होता. तिचं पद कायम नसल्याने बदली सुट्टीची तरतूद नाही, असा शेरा घेऊन तो परत आला.

जनरेटरच्या सुट्टीदिवशी ती नेहमीसारखी आली तर तिच्या खुर्चीला हळदीकुंकू आणि माळ.

"पुजलीया," भरमू म्हणाला. "आता तिच्यावर बसायचं न्हाय. पेशीस्नी वैरण टाका आन घरला जावा."

सौम्या हसली. "वैरण टाकणारी म्हंजे मी मालुबाई, अण्णा. मालुबाईला कुठली सुट्टी?"

"मालुबाई कालच निपाणीला म्हायेरी गेली. म्हणाली, जनरेटरला मिळती तर मला का न्हाय? नागोजी पहाटंपास्नं बैलास्नी वैरण टाकतोय."

सौम्याने पेशींना खाणं घातलं, खुर्चीची माळ नीट केली आणि भर अकराच्या उन्हात सांबऱ्याची बस धरली. आईने दार उघडलं आणि आधी विचारलं, "काढून टाकलं काय गं?"