वाऱ्याला दिलेला हुकूम

एका जंगलात, मुलांनो, जिकडे पाहावं तिकडे डोंगर होते, आणि त्या डोंगरांवर भैरोजी नावाचे वाघमहाराज राज्य करत होते. राज्य मोठं होतं. पोट त्याहून मोठं होतं.

माथ्याखालच्या सपाटीवर सांबरांचा कळप राहायचा. गौराक्का त्याची म्होरकी. महाराज रोज सकाळी दरीतून चढू लागत. पण उन्हाने उतार तापला की वाराही दरीतून वर चढतो. त्यामुळे महाराजांच्या आधी महाराजांचा वास पोचायचा. गौराक्का नाक वर करून म्हणायची, "चला, आले." कळप माथ्यापलीकडे पसार.

महाराजांच्या बरगड्या दिसू लागल्या. त्यांनी प्रधानाला, म्हणजे धोंडोपंत कोल्ह्याला विचारलं, "पंत, आमचं काय चुकतं?"

"मागच्या खिंडीतून माथ्यावर जावं, महाराज, आणि वरून खाली उतरावं. मग वास त्यांच्याकडे जाणार नाही."

"खिंडीत काटे आहेत. आणि आमचं चुकतं, असं तुमचं म्हणणं आहे?"

पंतांनी महाराजांचे सुळे पाहिले. "मुळीच नाही. चुकतो तो वारा."

लगेच वानरांनी डोंगरभर दवंडी पिटली: उद्यापासून सकाळचा वारा वरून खाली वाहील.

वाऱ्याने दवंडी ऐकली नाही. त्याला कान नसतात. सांबरांना असतात, आणि चांगले मोठे असतात.

वास आता वरूनच येणार, म्हणून सकाळी सगळा कळप माथ्याकडे तोंड करून बसला. गौराक्काचं नाक थरथरलं.

"खालून वास येतोय. उठा."

"खालून कसा येईल, आई?" तिचा थोरला, मानाजी म्हणाला. "वारा आता वरून येतो. दवंडी तूही ऐकलीस."

"माझं नाक सांगतंय ना."

"नाक जुनं झालंय तुझं."

"अशा बोलण्याने घबराट पसरते, आक्का," एक पोक्त सांबर म्हणालं.

गौराक्काने लेकाला डोक्याने ढुशी दिली. तो हलला नाही. वास दाट होत गेला. शेवटी तिने धाकट्या पाडसाला पुढे घातलं आणि ती निघाली. दोघी-तिघी लेकुरवाळ्या तिच्या मागून गेल्या.

थोड्या वेळाने खालच्या अंगाला गवत वाजलं. मानाजीला ते ऐकू आलं. पण तो हुकुमाप्रमाणे वर बघत राहिला.

माथ्यापलीकडे गौराक्काला त्याची हाक एकदाच ऐकू आली. ती पाडसाला अंगाखाली घेऊन तशीच उभी राहिली.

"पंत, वारा वळला," महाराज मिशा चाटत म्हणाले.

"वळला, महाराज."

उरलेला कळप दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सपाटीवर जमला. बराच विचारविनिमय झाला. मानाजीने तोंड पुरेसं वर केलं नव्हतं, असं सर्वानुमते ठरलं.

तात्पर्य, मुलांनो, पाठच करून ठेवा: हुकुमाने वारा फिरत नाही, पण पोट नक्की भरतं. म्हणून हुकूम नेहमी पाळावेत. पोट कोणाचं, एवढं मात्र विचारू नये.