स्थळ बघणाऱ्या शालूताई

गिनीपिग द्यायचा झाला, तर शालूताई देशकर आधी स्थळ बघतात. घर कसं, माणसं कशी, दुपारी घरी कोण असतं, सगळं. मी दोन बहिणींची लग्नं लावली आहेत, पण इतक्या चौकशा मीही केल्या नव्हत्या.

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या दुकानामागच्या गल्लीत त्या एकट्या राहतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा तिथले उरलेले चार गिनीपिग घरी घेऊन आल्या. मग पोरांना कंटाळा आलेले ससे आले, पांढरे उंदीर आले. गल्ली त्याला ‘काकीची पांजरापोळ’ म्हणते. त्यांचे आजोबा बडोदा संस्थानच्या नोकरीत होते, म्हणून गिनीपिगांची नावं वहिवाटदार, शिरस्तेदार अशी. सशाहून लहान, बिनशेपटीचे हे दोघे माझ्या धाकट्या मुलीला, रेवाला हवे होते. खरं तर एकच हवा होता.

मी खानदेशातून इथल्या कोयलीच्या रिफायनरीत पाइप उचलायला आलो, आज पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. ते माझ्या आवाजावर उभं आहे. माझ्याशी घासाघीस करून कोणी हसत गेलेलं नाही. म्हटलं, एका बाईकडून एक गिनीपिग आणायला कितीसा वेळ लागणार?

“तुम्ही मूळचे बडोद्याचे नव्हेत ना?” त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

“वीस वर्षं झाली, ताई.”

“म्हणजे नव्हेत. उत्तरायणला पतंग उडवताना गच्चीवर स्पीकर लावता?”

“सगळं बडोदं लावतं.”

“सगळं बडोदं गिनीपिग मागायला आलेलं नाही.”

“बरं, नाही लावणार. एक द्या.”

“एकटा देत नाही. एकटा पडला की कोपऱ्यात तोंड घालून बसतो, खात नाही. जोडीनंच राहायचं.”

“मग दोन द्या!”

आवाज जरा चढला असेल. सगळे पिंजरे खडबडले. शालूताईंनी शांतपणे चष्मा पुसला. “आवाज मोठा आहे. कळवते हं.”

‘कळवते’चा अर्थ मुलीच्या बापाला सांगावा लागत नाही. आणि त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याला पहिल्या भेटीत दोन ससे दिले! त्याच्या घरी केबलचा टीव्ही दिवसभर बोंबलतो. हे मी अजून विसरलेलो नाही.

पुढच्या रविवारी कोथिंबिरीची जुडी घेऊन गेलो. त्या माझं घर बघायला आल्या, पोहे खाल्ले, बायकोला म्हणाल्या, “साखर थोडी कमी पडली.” मी लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा बनवून घेतला. “चोर ठेवायचेत का?” लाकडी केला. “आता उजेड कुठून येणार?” दर रविवारी नवी खोट. दर रविवारी मी तावातावानं जायचो. चहाच्या पहिल्या कपाला भांडण सुरू व्हायचं, दुसऱ्या कपाला रंगायचं. घरी रेवा विचारायची, “आणले?” मी चपला कोपऱ्यात भिरकावायचो.

दिवाळीपर्यंत अशी गत झाली, की गल्लीत माझा आवाज आला तरी वहिवाटदार शिट्ट्या मारू लागायचा.

“बघा, माझा आवाज आवडतो त्याला,” मी म्हणालो.

“कोथिंबीर आवडते,” शालूताई म्हणाल्या.

परवाच्या रविवारी शेजारच्या कोकिलाबेन ओट्यावर मेथी निवडत होत्या. “अरे भंगाळेभाई, अजून जोडी नाय नेली? काकीए तो पहिल्याच दिवशी मला सांगितलं, ही जोडी भंगाळेभाईलाच द्यायची. रविवारे तर सकाळपासून चहाची तपेली मांडून बसते.”

मी तिथेच थांबलो. सौदा मिटला की गिऱ्हाईक परत येत नाही, हे मला, एका दुकानदाराला, कळायला हवं होतं. फरसाणवाल्याला पहिल्या भेटीत का मोकळं केलं, तेही तेव्हाच कळलं. संताप तर असा आला, की आत जाऊन चार शब्द सुनवावेत. गेलो. टेबलावर दोन कप उपडे घालून ठेवलेले होते.

“ताई, आज जोडी नेणार.”

मला वाटलं, आता नवी खोट निघेल. त्यांनी पिंजऱ्याची कडी काढली. “न्या,” म्हणाल्या. एक कप उचलून फळीवर परत ठेवू लागल्या.

“नेतो. पण गॅरंटीचं काय?”

“कसली गॅरंटी?”

“मी मोटार विकली तरी वर्षभर सर्व्हिस देतो. हे तर जिवंत प्रकरण. दर रविवारी दोघांना इथे आणणार. नखं, दात तुम्ही तपासायचे. फुकट. आणि चहा लागेल, आधीच सांगतो.”

शालूताईंनी कप परत टेबलावर ठेवला, सुलटा. वहिवाटदाराच्या पाठीवरून दोन बोटं फिरवली.

“रविवारी आणि गुरुवारी,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी माझ्या दुकानात मान वर करायला वेळ नसतो. मी तोंड उघडलं, आणि समोरच्याची अट आयुष्यात पहिल्यांदा जशीच्या तशी घेतली.