नानांचा दयाळ आणि माझा स्पीकर

बागेत शांतता राहावी म्हणून बागेत सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा माणूस मी धुळ्यातच पाहिला. पहाटे सव्वापाचला फाटकातून आत शिरले की नाना दोन्ही हात वर करून गरजायचे, "बठ्ठा आवाज बंद!" त्या गर्जनेनं लिंबावरचे कावळे उडायचे, बाकावर पेंगणारा वॉचमन ताडकन उभा राहायचा आणि प्राणायाम करणाऱ्या बायकांनी आत घेतलेला श्वास आतच अडकायचा.

रावेरची केळी दिल्लीला पोचवण्यात नानांची उभी हयात गेली. ट्रकचा भोंगा वाजवत त्यांनी अर्धा देश पालथा घातला होता. "आणि आता तुम्हीच आम्हाला गप्प करता?" मी एकदा चिडवलं. "म्हनीसनच करस ना, मास्तर! कुलूप कसं तुटस, हाई चोरलेच इचारो."

मोबाइलवर रील लावून चालणारा दिसला की नाना त्याच्या बरोबरीनं चालायला लागत आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ट्रकचा भोंगा काढत. हास्यक्लबच्या 'हा हा हा' समोर कमरेवर हात ठेवून उभे राहत. "हासाले काय झाये रे? बाग मरी ऱ्हायनी आनि तुम्ही दात काढतस?"

बाग मरत होती हे खरंच. झुडपं उपटून फरश्या बसवल्या, मागे मंगल कार्यालय आलं, त्याचा जनरेटर आला, डीजे आला. समोर हायवे आहेच. शिंजीर गेले, शिंपी पक्षी गेला, बुलबुल गेले. उरली कबुतरं. त्यांना कशाचाच फरक पडत नाही. अगदी आमच्यासारखी.

आणि उरला एक दयाळ. काळा-पांढरा, शेपूट ताठ उभी. कोपऱ्यातल्या शेवग्याच्या शेंड्यावर बसून तो गायचा. नानांनीच मला दाखवलं की तो वर्षागणिक लवकर गायला लागलाय. "हायवे जागा व्हवाना पहिले उरकी लेस बिचारा. माले दख, मीबी तसाच येस."

इथवर सगळं ठीक होतं. पुढचा पराक्रम माझा.

मी शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. शिवाय आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाचा चिटणीस, म्हणजे ज्याला मोबाइल बरा चालवता येतो तो. मंडळानं बागेत स्पीकर बसवला. त्यावर काय लावायचं यावर दोन बैठका भांडणात गेल्यावर मी उठून म्हणालो, "पक्ष्यांचाच आवाज लावू! निसर्ग!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मी विचार करायचं थांबवतो, हा माझा जुना आजार.

मी नानांना सांगितलं की दयाळाचं गाणं मला जपून ठेवायचंय. त्यांनी मला शेवग्याखाली नेलं, पक्ष्याकडे टक लावून पाहत माझ्या दंडाला धरून ठेवलं आणि कुजबुजले, "दख, गळा फुगना. आते लाव मोबाइल." स्पीकरचं मी बोललो नाही. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला. सोमवारपासून पहाटे पाच ते आठ, दयाळाचं गाणं स्पीकरवरून वाजू लागलं. खऱ्या दयाळाला वाटलं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो गाणं सोडून स्पीकरवर तुटून पडला. चोची मारल्या, पंख फुलवले, भोवती गिरट्या घातल्या. शत्रू थकेना, उडेना, मरेना. चार दिवस त्यानं धड दाणापाणी घेतलं नाही. पाचव्या दिवशी तो दिसला नाही. पक्ष्यांच्या हद्दी हा धडा मी तीस वर्षं शिकवला होता. परीक्षेत त्यावर प्रश्न नेहमी पडायचा.

त्या दिवशी नानांनी स्पीकरची वायर हिसकून तोडली. अध्यक्ष धावत आले. "नाना, अहो पक्ष्याचाच तर आवाज होता! तुम्हाला पक्षी आवडतात ना?"

"तुना घरमा रोज पहाटे कोनी तुनाच आवाजमा बोंबलना, हाई घर मनं शे, तर? ऱ्हाशी तू?" मग नाना माझ्याकडे वळले. "आनि तू रे मास्तर! मी तुले त्याना झाडखाले ली गवू."

चिटणीसपद मी त्याच दिवशी सोडलं. मंडळाला वाटलं मी रागावलो. रागावलोच होतो, पण मंडळावर नाही.

मग रोज पहाटे मी नानांच्या बाकावर जाऊन बसू लागलो. ते माझ्याशी बोलत नसत, पण बाकावर जागा देत. दोन आठवडे शेवगा रिकामा. हायवे, जनरेटर, कबुतरं. एका सकाळी शेंड्यावर काळं-पांढरं काहीतरी उतरलं. शेपूट उभी राहिली आणि तो गायला लागला.

"नाना!" मी त्यांचा हात दाबला. नाना त्याच्याकडेच पाहत होते, डोळे बारीक करून.

"गास का रे?"

मला कळेना. "म्हणजे? ऐकताय ना?"

"दोन वरीस झायात. त्याना बारीक आवाज माले आयकू येत नही." ते पक्ष्यावरून नजर न काढता म्हणाले. "मनी बायकोना आवाजबी शेवट शेवट असाच बारीक व्हयी जायेल व्हता. मी 'काय? काय?' करत ऱ्हायनू. काय सांगे ती, नही समजनं." त्यांनी पलीकडच्या कुंपणाकडे बोट केलं. तिथं राखाडी रंगाची मादी बसली होती. "माले नही येवो. तिले तं आयकू जावाले पायजे ना?"

दयाळ गातच होता.

"दखस काय नुसता? सांग ना! कसा गास?"

मला शिट्टी येत नाही. तरी ओठांचा चंबू करून, हातानं हवेत रेघा काढत मी सांगू लागलो. आधी तीन तुकडे, मग जरा थांबतो, मग लांब ओढतो.

"नीट सांग!" नाना खेकसले. "शेवटले वर जास का खाले येस?"

"वर जातो, नाना."