पेटी सिंहमहाराजांच्या गुहेत

एका जंगलात, बाळांनो, एक गाढव नेटवर्कचं तज्ज्ञ झालं होतं. हसू नका. ते गाढव मीच.

तीन महिन्यांचा कोर्स करून आलो आणि भर सभेत फळा मांडला. "एका जंगलापुरतं ते लॅन. दूरदूरची जंगलं जोडली की वॅन. तारा गोल फिरवल्या तर रिंग. एक तुटली की सगळे गप्प! म्हणून आपण स्टार करू. प्रत्येकाची तार मधल्या एकाच पेटीत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाच काही कळलं नव्हतं. खरं सांगू? मलाही अर्धंच कळलं होतं.

सारजा हरिणीने विचारलं, "गाढवदादा, माझं पाडस माळावर चरतं. बिबट्या आला तर कळेल ना रे त्याला?"

"डोळ्याचं पातं लवायच्या आत! टेकडीवर टिटवीने बटण दाबलं, की माळावर घंटा. तिने आता ओरडायचंसुद्धा नाही."

"पेटी वडाखाली ठेव, सगळ्यांच्या नजरेत राहील," हत्ती म्हणाला.

"छे! मानाची वस्तू मानाच्या जागी," म्हणत मी ती सिंहमहाराजांच्या गुहेत नेली. तिथे सॉकेट एकच होतं. मी ते पाहिलं होतं. पण महाराजांपुढे बोलणार कोण?

उद्घाटनाला महाराज भाषणासाठी उभे राहिले. कोल्ह्याने पेटीचा प्लग काढला आणि माइकचा खोचला. "आजपासून आपलं जंगल जोडलं गेलं!" महाराज गरजले. सगळ्यात मोठ्या टाळ्या माझ्या.

नेमका तेव्हाच टिटवीला बिबट्या दिसला. तिने बटण दाबलं. परत दाबलं. घंटा काही वाजेना. "मेलं ते नेटवर्क!" म्हणत ती घसा फोडून ओरडली. पाडस उधळलं आणि धापा टाकत सभेत शिरलं. मागचा पाय रक्ताळलेला, पण जीव वाचला होता.

सारजा त्याला चाटत राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला.

मग चौकशी झाली. चौकशीप्रमुखही मीच. पेटी उत्तम, तारा उत्तम, असा अहवाल दिला. महाराजांच्या भाषणात ओरडल्याबद्दल टिटवीला सक्त ताकीद मिळाली.

तर तात्पर्य काय? पेटी वडाखाली ठेवायला हवी होती, असंच म्हणाल ना? अजून लहान आहात. पेटी नेहमी साहेबांच्याच खोलीत ठेवावी. मग प्लग कुणी काढला, हे विचारायची कुणाची छाती होत नाही, आणि गाढवाची नोकरी शाबूत राहते.