सूर्याला अस्तर

सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच जावईबापूंनी ओळखलं की आता आपलं नाव निघणार. कुणाची खरडपट्टी काढायची असली की सासूबाईंना समोरचा माणूस जरा अंधुक दिसलेला बरा वाटे.

"जावईबापू, मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. आणि पुढं वीस मिनिटं बोलल्या.

वस्तीतल्या लोकांनी मिळून शाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसवली होती. वीज सगळ्यांची, मालकी सगळ्यांची, आणि म्हणूनच तिच्याकडे लक्ष कुणाचंच नाही. संस्थेच्या अध्यक्ष सासूबाई. जावईबापूंचं पडदे शिवायचं दुकान, म्हणून त्यांना प्रसिद्धिप्रमुख केलेलं. कापड घरचं, शिलाई घरची, आणि बोलणी खायला माणूसही घरचाच. त्यांना सगळी वस्ती जावईबापूच म्हणे. एकदा खुद्द त्यांच्या वडिलांच्या तोंडूनही ते निघून गेलं होतं.

मागच्या महिन्यात त्यांनी 'आपली वीज आपण समजून घेऊ' असं व्याख्यान ठेवलं होतं. चार माणसं आली. एक वक्ते, दुसरा त्यांना गाडीवरून सोडायला आलेला भाऊ, तिसरा किल्ली घेऊन आलेला शाळेचा शिपाई. चौथा माणूस शेजारच्या दातांच्या दवाखान्यातून दात काढून बाहेर पडला होता, तो चुकून आत शिरला. तोंड बधिर असल्यामुळे त्याला चूक सांगता येईना. तो शेवटपर्यंत बसला.

"आमसभेला एकशे एक सभासद लागतात," सासूबाई म्हणाल्या. "बसलेले. उभे असलेले मोजायचे नाहीत, नियम आहे. दोन सभा माणसांवाचून फुकट गेल्या. या रविवारची तिसरी गेली की संस्था बरखास्त. शाळा छप्पर मोबाइलच्या टॉवरला द्यायला टपलीच आहे."

"होईल हो सगळं," जावईबापू म्हणाले.

"झालं तर उत्तमच. नाही झालं तर मला दिवसभर काम काय?" सासूबाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि जावयाकडं नीट पाहिलं. "म्हटलं, रोज तुमच्या दुकानात येऊन बसावं. दुकानात घरचं माणूस हवंच."

जावईबापूंनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि चपला शोधल्या.

घरी येताना बायको म्हणाली, "आई दुकानात बसली, तर संध्याकाळी तुम्ही घरी पोहोचायच्या आत तुमच्या दिवसभराच्या चुका मला कळलेल्या असतील. माझा बराच वेळ वाचेल."

"एकशे एक नाही, दोनशे माणसं आणतो," जावईबापू म्हणाले. आवाज निर्धाराचा होता, पण थोडा चिरका.

माणूस ज्या धंद्यात असतो, त्याच धंद्याच्या नजरेनं जगाकडं पाहतो. सुताराला झाडात दरवाजा दिसतो. दुसऱ्या दिवशी जावईबापू शाळेसमोर उभे राहिले आणि त्यांना दिसलं, की हे तिरकं, लांबरुंद, काळंभोर छप्पर वस्तीच्या चारी रस्त्यांवरून दिसतं, आणि त्यावर कुणी काहीही लावलेलं नाही! एवढी मोठी खिडकी आणि पडदा नाही. त्यांचा जीव कळवळला.

तीन दिवस खपून त्यांनी पडदा शिवला. साठ फूट लांब, तीस फूट रुंद. मखमलीच्या तुकड्यांची अक्षरं कापून लावली: 'आपला सूर्य, आपली वीज! रविवारी सकाळी दहा वाजता आमसभा. सभासदांनी अगत्य यावे.' 'सूर्य' हा शब्द पिवळ्या साटिनचा. मागून उजेड आला तर अक्षरं फिकी दिसतात, म्हणून आतून अस्तर लावलं ते दुकानातलं सगळ्यात भारी, दुपारी झोपणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी खास मागवलेलं. त्यातून उजेडाचा ठिपकाही आत येत नाही, अशी जावईबापूंची हमी असे. पडद्याला कड्या, कड्यांत दोरी, दोरीला कप्पी. दोरी ओढली की पडदा छपरावर चढायचा, सोडली की आपल्या वजनानं खाली घसरायचा. शनिवारी सकाळी शिपायाच्या मदतीनं त्यांनी तो वर चढवला, दोरीला पक्की गाठ मारली, खाली उतरून पाहिलं, आणि स्वतःच्याच कामानं त्यांचे डोळे भरून आले.

शाळेच्या दारावर एक बोर्ड होता. या क्षणी किती वीज तयार होते आहे, ते त्यावर लाल आकड्यात दिसे. अडतीस, चाळीस, पस्तीस. वर्षभरात त्या बोर्डाकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या शनिवारी नऊ वाजता त्यावर शून्य आलं, आणि साडेनऊला त्याच्यासमोर पन्नास माणसं उभी होती.

घराघरात दिवे चालूच होते, कारण आपली वीज कमी पडली की बाहेरची आपोआप येई. पण ते कुणाला सांगता?

"माझी इस्त्री आज तापतच नाहीये," न्हावी म्हणाला.

"तुमच्या दुकानात इस्त्री कशाला?"

"घरी हो! घरी माणूस कपडे घालतो की नाही?"

वायरमन आला. त्यानं वायरी पाहिल्या, यंत्र उघडलं, मीटर बडवला. "सगळं ठीक आहे," तो डोकं खाजवत म्हणाला. मग त्यानं वर छपराकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी त्याला हाताला धरून बाजूला नेलं. परत आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दोष वायरीत नाही. वरच आहे कुठंतरी."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर," वायरमन म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

वर म्हणजे सूर्य, हे लोकांनी अर्ध्या तासात ठरवलं. सूर्य मंदावलाय. भूगोलाच्या निवृत्त मास्तरांनी सांगून पाहिलं, की सूर्याला अजून पाच अब्ज वर्षं आहेत. "कुणी मोजली?" न्हाव्यानं विचारलं. मास्तरांनी मोजली नव्हती. दुपारपर्यंत बातमी अशी झाली, की पलीकडच्या वस्तीनं मोठी पॅनेल बसवली आहेत आणि तिथला उतारच असा आहे की आपल्या वाटचं ऊन तिकडं ओढलं जातं. दुपारी दोन वाजता, घामानं निथळत, टोप्या घालून, माणसं ऊन कमी झाल्याची तक्रार लिहीत होती.

"उद्या सभा आहे ना? तिथंच विचारू जाब," सगळे म्हणाले. सभा कधी आहे हे पाहायला त्यांना वर मान करावी लागली, आणि पडदा फारच सुरेख दिसत होता. अक्षरं स्वच्छ, अस्तर उत्तम. त्याच्याखाली काय आहे हा विचार कुणालाच शिवला नाही. जावईबापूंना तर नाहीच.

रविवारी पावणेदहालाच पटांगण भरलं. सासूबाई मंचावर. शिपाई खडू घेऊन खुर्च्यांच्या रांगा मोजत होता.

"आमची वीज कुठं गेली?" कुणीतरी ओरडलं.

"आधी बसा. उभ्या माणसाला मी उत्तर देत नाही," सासूबाई म्हणाल्या. मग हळूच, "जावईबापू, पडद्याला एक सुरकुती पडलीय. वर जाऊन काढता का?"

जावईबापू शिडीवरून छपरावर गेले. सुरकुती खरंच होती. त्यांनी गाठ सोडली, पडदा वीतभर घसरला.

"चार!" खाली गलका झाला. "आकडा आला! चार!"

आणखी हातभर घसरला.

"नऊ!"

जावईबापूंनी खाली वाकून बोर्डाकडं पाहिलं. मग पडद्याकडं. मग पडद्याखालून डोकावणाऱ्या काळ्याशार काचेकडं. त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि हातातून दोरी सुटली. पडदा सर्रकन खाली गेला.

"अडतीस! आली! आली!"

टाळ्या वाजल्या. न्हाव्यानं मास्तरांना मिठी मारली. छपराकडं कुणीही पाहिलं नाही. आकडा दिसत असताना आभाळाकडं पाहायला कुणाला सवड असते? मग सगळे समाधानानं उठले आणि फाटकाकडं निघाले.

"अहो, बसा! सभा व्हायचीय!" सासूबाई ओरडल्या.

"वीज आली ना? आता कसली सभा?"

"अठ्ठ्याण्णव झाले होते," शिपाई रडकुंडीला आला. "आता चोपन्न. एकावन्न. बाई, सव्वीस!"

जावईबापूंना डोळ्यांसमोर दुकान दिसलं. गिऱ्हाइकासमोर सासूबाई चष्मा काढून ठेवताना दिसल्या. त्यांनी खाली पाहिलं. सासूबाई त्यांच्याकडंच पाहत होत्या, आणि त्यांचा उजवा हात हवेत सावकाश वर सरकत होता, दुपारी झोपायच्या आधी माणूस खिडकीचा पडदा ओढतो तसा.

जावईबापूंनी सगळं बळ एकवटून दोरी ओढली.

"शून्य!" फाटकापाशी किंकाळी उठली. गेलेली माणसं धावत परतली, आणि येताना घरी राहिलेल्या सभासदांनाही घेऊन आली. खुर्च्या खडखडल्या.

"नव्व्याण्णव... शंभर," शिपाई म्हणाला आणि थांबला. "शंभरच."

एक माणूस कमी.

"मी आहे की!" वरून आवाज आला. एका हातानं दोरी आवळून धरलेले जावईबापू छपरावर बसले होते. "मीही सभासद आहे! आणि बसलोय!"

"हात वर करा, दिसू द्या," सासूबाई म्हणाल्या. "मोजणी संपेपर्यंत खाली घेऊ नका." जावईबापूंनी मोकळा हात अभिमानानं वर केला. "एकशे एक. आता ठराव. संस्था पुढं चालू राहील. हा पडदा संस्थेचा, दर सभेच्या आदल्या दिवशी लावायचा. आणि कामकाज वाढल्यामुळं आजपासून संस्थेचं कार्यालय पडद्यांच्या दुकानात. अध्यक्ष रोज दहा ते सहा तिथं बसतील. मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत."

"वीज येईल ना?"

"ठराव झाला की लगेच."

शंभर हात वर गेले. एकशे एकावा आधीच वर होता. जावईबापूंनी तो खाली घ्यायचा प्रयत्न केला, तोवर सासूबाई म्हणाल्या होत्या, "एकमतानं मंजूर."

दोरी आपोआप सुटली. बोर्डावर एकोणचाळीस आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो आकड्यासाठी होता की ठरावासाठी, ते वरून कळत नव्हतं. एवढंच कळलं, की मंचापाशी वायरमन सासूबाईंना विचारत होता, "बाई, कालपासून गप्प बसलोय. आता बोलू का?"

"आता काय उपयोग?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी मान वर केली. "जावईबापू, सावकाश उतरा. आणि दुकानात माझी खुर्ची खिडकीपाशी ठेवा. पडदा मात्र नको हं. मला उजेड लागतो."